चार मिनिटांची राधा

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

वही नवी. मरोळला आमच्या कंपनीने वाटलेली, वर पॅकिंग टेपची जाहिरात. ही कोणी वाचायची नाही.

आज दिंडोशीला मंडळाची मीटिंग. श्री वाघजाई नमन मंडळ, मुंबई शाखा. २ मार्चला थेटरात आमच्या कोकणातल्या वाडीचं नमन आहे, गण-गवळण-वग सगळं. अध्यक्ष निलेश. वय चौतीस, लहानपणी माझ्या मांडीवर मुतलेला. तो उठला आणि म्हणाला, गवळणीत राधा यंदा दीप्ती करेल. दीप्ती म्हणजे मंडळातल्या नितेशची मुलगी, कॉलेजात आहे, कथक शिकते. बाईचं काम बाईनेच केलेलं आजकाल पब्लिकला आवडतं म्हणे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, चंदूदा, तू मार्गदर्शक. हँडबिलावर फोटो टाकू.

बावीस वर्षं राधा केली मी. बावीस! पुरुषाने राधा करायची ही आमच्या नमनाची रीत आहे, माझ्या आजाच्या आजापासूनची. आणि आता मी मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे ज्याला खुर्ची देतात आणि माइक देत नाहीत.

मी शांतपणे उठलो. एक शब्द बोललो नाही. (निलेशला जे बोललो ते धरत नाही. त्याला ते लागायलाच हवं होतं.)

संकल्प: मंडळात पुन्हा पाय ठेवायचा नाही. आणि मला काहीही वाईट वाटलेलं नाही.

६ जानेवारी, सोमवार.

एक गोष्ट लिहून ठेवतो, पुढे घोळ नको. मला साडीची हौस कधीच नव्हती. दोन हजार तीनच्या शिमग्यात आमच्या तेव्हाच्या राधेला, म्हणजे रामा गुरवाला, कावीळ झाली. दुसरा कोणी मिशी काढायला तयार होईना. सगळे लग्नाळू. माझं नुकतंच लग्न झालेलं, म्हणजे मिशीचं काम संपलेलं. धरला मला. मालनने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वतःची नऊवारी नेसवली. नवी नवरी, हसून हसून तिला पिना लावता येईनात.

मी अंगणात पाऊल टाकलं आणि अख्खी वाडी गप्प झाली. ते सोडा. मुद्दा हा की मला जबरदस्तीने उभं केलं. पुढच्या एकवीस वेळाही जबरदस्तीनेच.

९ जानेवारी, गुरुवार. जेवणाची सुट्टी.

आमच्या डिस्पॅचला वेन आहे. मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन ख्रिश्चन, वय एकतीस, कामाला बरा. आज त्याच्या फोनवर एका बाईचा नाचतानाचा व्हिडिओ बघितला. लाल लुगडं, गजरा, नजर अशी की समोरचा चहा सांडेल. कोण बाई, विचारलं. म्हणाला, मीच की अंकल.

ह्याला ड्रॅग म्हणतात म्हणे. अंधेरीला एका बारमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ओपन स्टेज असतो. कोणीही नाव द्यायचं. नव्या माणसाला चार मिनिटं. वेन ह्यात शिरला तो त्याच्या चुलत बहिणीच्या लग्नात. त्याच्या कार्मेन मावशीचं लुगडं नेसून बँडच्या पुढे नाचला, सगळं गावठाण शिट्ट्या मारत होतं, मग लुगडं परत द्यायला जीव होईना. अजून दिलेलं नाही.

मी म्हटलं निऱ्या चुकल्यात. चुकल्याच होत्या. तो म्हणाला, तुम्हाला कसं कळतं? सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, अंकल, तुम्ही इथे टेप काय चिकटवत बसलाय?

प्लॅन असा. अंधेरीला राधा उभी करायची. व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. दुसऱ्या दिवशी निलेश नारळ घेऊन माझ्या दारात. मी दार उघडणार नाही. थोड्या वेळाने उघडेन.

वेनला नाव द्यायला सांगितलं. २३ फेब्रुवारी.

मालनला ह्यातलं काही कळता कामा नये.

१४ जानेवारी, संक्रांत.

संकल्प: २३ तारखेपर्यंत गोड बंद, वडा बंद, लिफ्ट बंद.

तिळाचे लाडू अकरा. सणाला नाही म्हणू नये.

राधेचा ब्लाउज घालून बघितला, बाथरूममध्ये, नळ सोडून. दोन हुक लागत नाहीत. ब्लाउज आटलाय. मालनला सहज विचारलं, दमट हवेने कपडे आटतात का गं? म्हणाली, आटतात की, दरवर्षी आटतात, दरवर्षी मी उसवते. ठेवा मशीनवर.

ती पडद्यांबद्दल बोलत असणार.

२० जानेवारी, सोमवार.

मिशी काढली. घरी सांगितलं ॲलर्जी. मालन म्हणाली, यंदा ॲलर्जी लवकर आली.

कंपनीत बोंबाबोंब. लोडिंगवाले म्हणाले, शेठ, कोण वारलं? मी टेप ओढत राहिलो. कलाकाराला हे सोसावं लागतं.

२९ जानेवारी, बुधवार.

प्रॅक्टिस जोरात. जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमध्ये, खोक्यांच्या मागे. कळशी म्हणून पाण्याचा जार. आज गिरकी घेताना खोक्यांची थप्पी आली खाली. साहेब धावत आले. मी म्हटलं, स्टॉक मोजत होतो. कमरेवर हात ठेवून? असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी पद्धत आहे.

गुडघा वाजतोय. तरुणपणीही वाजायचा, ढोलकीमुळे ऐकू यायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.

मरोळ गावठाणात कार्मेन मावशीकडे वेनने सगळ्यांना बोलावलेलं. मावशी शिलाई करते, सगळ्यांचे झगे तिच्याकडेच. तिथे इरावती भेटली. ओपन स्टेज तीच चालवते. एरवी चैतन्य, मुलुंडला बँकेत असतो. कधी म्हणाला, कधी म्हणाली, माझा गोंधळ उडाला. वेनने नियम सांगितला: लिपस्टिक लागली की म्हणाली. सोपं आहे. आमच्याकडे घुंगरू बांधले की म्हणाली.

मावशीने डुकराचं मटण वाढलं आणि एकेकजण सांगत होता की ह्यात कसा आला. इरावतीला शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी सावित्री केलं, मुली कमी पडल्या म्हणून. नाटक संपलं, सगळे विसरले, हा विसरला नाही. घाटकोपरचा प्रीतम गरब्यात पैज हरला आणि चनिया-चोली घालावी लागली. पुढच्या वर्षी पैज लावणारा गावी गेला होता तरी ह्याने घातली.

मी माझी कावीळ सांगितली. इरावती हसली. म्हणाली, सगळ्यांची सुरुवात जबरदस्तीनेच होते हो काका, कोणाची पैज, कोणाची कावीळ. मी म्हटलं माझी कावीळ खरी होती. रामा गुरव दीड महिना झोपून होता! ते सगळे अजूनच हसले. मंडळी चांगली आहेत, पण गंभीर नाहीत.

मग इरावती कामाचं बोलली. चार मिनिटं म्हणजे चार. साडेतीनला लाल लाइट, चारला अंधार. मी म्हटलं, आमची राधा नुसती पडद्याबाहेर यायला दहा मिनिटं घेते. ती म्हणाली, काका, मग पडद्याबाहेरच उभ्या राहा.

उद्धट आहे. पण पावडर भारी लावते.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

बसलं! पाण्याला निघणं, कृष्णाने वाट अडवणं, रुसणं, कळशी फुटणं, शेवटची गिरकी. फोनवर मोजलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. दहा सेकंद टाळ्यांना.

गाऱ्हाणं ह्यात धरलेलं नाही. गाऱ्हाणं कोणी कार्यक्रमात धरत नाही, ते कार्यक्रमाच्या आधीचं असतं. देवाला सांगितल्याशिवाय पायात घुंगरू घालून मी कधी उभा राहिलेलो नाही आणि राहणार नाही.

वजन दीड किलो वाढलं. स्नायू असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

आज. ग्रुपवर टाकायचा मेसेज लिहून तयार आहे: राधा कुठेही उभी राहते, तिला थेटर लागत नाही. कळव्यापासून वाडीपर्यंत सगळे वाचतील.

मालनला सांगितलं, वेनच्या मित्राची वास्तुशांत आहे. तिने भरलेली पिशवीच हातात ठेवली. आत नऊवारी इस्त्री केलेली, ब्लाउज उसवून मोठा केलेला, पिना, गंगावन, वर नारळ. म्हणाली, वास्तुशांतीला नारळ लागेल ना. बायका किती विचार करतात. बाकीचं सामान पिशवीत आधीपासून असणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

कामावर गेलो नाही. गुडघा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

लिहून टाकतो.

दुपारी साडेचार. बार भरलेला. माझ्या आधी प्रीतम, काळा झगा, त्यातून पायाचा खेळ, पोरी किंचाळत होत्या. मग इरावतीने माझं नाव घेतलं. मी पाऊल टाकलं. लोक गप्प झाले. खरंच झाले, वेन साक्षीदार आहे.

मी नारळ समोर ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा महाराजा, आज तुझं लेकरू अंधेरी मुक्कामी ह्या बारमध्ये उभं आहे, ते गोड मानून घे रे महाराजा. आमच्या लोकांना सवय आहे, समोरून आवाज आला पाहिजे. आला नाही. मी म्हटलं, व्हय महाराजा म्हणा. पुढच्या टेबलाने म्हटलं. मग जागेवाल्या देवाला हाक मारली, वाघजाईला, जोगेश्वरीच्या मातेला, वेनसाठी मेरीमातेला. प्रत्येकाला सगळा बार ओरडतोय, व्हय महाराजा! वेटर ओरडतोय. इथल्या पोरांवर कोणाची वाकडी नजर असेल ती दूर कर रे महाराजा. व्हय महाराजा! कोणाला घरातून काढलं असेल त्याला दार उघड रे महाराजा. ह्यावर आवाज जरा वेगळा आला. एक जण टेबलावर डोकं ठेवून रडत होता. मला चढलं. गाऱ्हाणं चढतं तेव्हा ते थांबवता येत नाही, थांबवू नये.

मग लाल लाइट. मला वाटलं राधेचा लाइट लावला. मी वेनला खूण केली, गाणं लाव. ढोलकी सुरू झाली, मी कळशी कमरेवर घेतली, मान वळवली.

अंधार.

इरावतीला म्हटलं, गाऱ्हाणं मोजत नाहीत! ती म्हणाली, काका, इथे मोजतात. मी म्हटलं, देवाला मिनिटं लावणार? ती म्हणाली, मागे आठ जण उभे आहेत, तेही घरून चोरून साड्या घेऊन आलेत. नारळ उचलला आणि अंधारातच खाली उतरलो.

बावीस वर्षांत राधा कधी मान वळवून घरी गेली नव्हती.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. कापून टाकणार होतो, पण गाऱ्हाणं कापलं तर उरतात चार सेकंद.

अंगठे अकरा. निलेशचा मेसेज: गाऱ्हाणं कडक. राधा कधी आली?

इरावतीचा फोन. लोकांना फार आवडलं म्हणाली, दर महिन्याला शोची सुरुवात माझ्या गाऱ्हाण्याने करायची. धोतर-टोपीत या, साडीची गरज नाही. मी म्हटलं, टोपी घालून गाऱ्हाणं घालायला आमच्या गावात पन्नास म्हातारे बसलेत, एकेकाला बोलाव. मी येईन तर नेसून येईन, नाहीतर येणार नाही. जोरात बोललो बहुतेक. मालनने आतून पाणी आणून ठेवलं.

इरावतीने तिकडे पानं चाळली. मग म्हणाली, रविवारी नवीन लोकांचा वर्ग असतो, या. मी म्हटलं, बघतो वेळ झाला तर. शिकवायला माझी ना नाही.

२ मार्च, रविवार.

नमनाला गेलो. मंडळात पाय ठेवायचा नाही हा संकल्प आहे, थेटरात ठेवायचा नाही असं कुठे लिहिलेलं नाही. मागच्या रांगेत बसलो. दीप्ती कुठे कुठे चुकते ते लिहायला कागद नेला होता.

चुकली नाही. एकदाही नाही. कळशी फुटल्यावर राधा आधी कृष्णाकडे बघते, मग तुकड्यांकडे. मी कायम आधी तुकड्यांकडे बघायचो. तिचं बरोबर आहे. बावीस वर्षं मी चुकीच्या ठिकाणी बघत होतो आणि कोणी सांगितलं नाही.

नंतर ती शोधत आली, पाया पडली. काका, तुमचे जुने व्हिडिओ बघून बसवलं, म्हणाली. मी म्हटलं, निऱ्या जरा वर घे. निऱ्या ठीक होत्या.

माझं काम गेलं. आता परत येणार नाही. निलेशने बोलावलं तरी कुठल्या तोंडाने उभा राहू तिच्या जागी?

१४ मार्च, शुक्रवार. शिमगा.

गावी गेलो नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. आज वाडीत पालखी नाचली असेल. पुरणपोळी खाल्ली, चव नव्हती. पोळी चांगलीच होती.

मालन समोर बसली आणि म्हणाली, पुरे आता. तिला सगळं माहीत होतं. वास्तुशांत, बार, गोडाऊन, सगळं. वेनकडून नंबर घेऊन कार्मेन मावशीशी तिचं रोज बोलणं होतं, ब्लाउजचं माप मावशीनेच कळवलेलं. मी म्हटलं मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्हाला चोरून करायला बरं वाटत होतं, म्हटलं करू दे.

मग म्हणाली, पहिल्या शिमग्याला तुम्हाला नेसवलं तेव्हा मी घाबरले होते. माझ्यापेक्षा छान दिसत होतात. सासूबाई म्हणाल्या, घाबरू नको, वर्षभर तोंड न उघडणारा माणूस आज बोलतोय, बोलू दे. तुम्हाला आवडतं हे, तर आवडतं म्हणा ना एकदा. मी काय खाणार आहे का तुम्हाला?

मी ताट उचललं. हात धुऊन आलो.

आवडतं. लिहिलं. आता झोपतो, दुपार झाली.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ.

वर्गाला गेलो. अंधेरीला एका झेरॉक्सवाल्याच्या वर डान्स क्लासचा हॉल. शिकवायची तयारी करून गेलो होतो, कागदावर अकरा मुद्दे, 'बाईची चाल'. मालन म्हणाली, आधी बघा तरी काय शिकवतात. नेसवून पण तिनेच दिलं, घरातूनच. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी म्हटलं, समोर बघ, आपटशील.

आठ जण होते. इरावती म्हणाली, एकेकाने ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. मी म्हटलं मी शेवटी चालतो, म्हणजे बाकीच्यांचा धीर खचायला नको. मग चाललो. कमरेवर कळशी नसताना कळशी, डाव्या पायावर किंचित भार, अर्ध्या वाटेत मागे वळून बघणं. टाळ्या पडल्या. शिट्टीही. मी कागद काढायला पिशवीकडे वळलो.

इरावती म्हणाली, काका, ही राधा. फार सुंदर. आता कळशी खाली ठेवा, राधेला घरी पाठवा आणि तुम्ही चाला. साडी हीच.

मी म्हटलं, म्हणजे कोणासारखं?

म्हणाली, कोणासारखंच नाही. इथे राधा कोणालाच बघायची नाहीये. ह्या साडीत तुम्ही कसे चालता, तेवढं दाखवा.

सोपं होतं. पंचवीस पावलं असतील. मी हात सोडले. हात कुठे ठेवायचे कळेना. राधेचे कमरेवर असतात, डिस्पॅचला खिशात असतात. मान राधेची होती ती सरळ केली तर कंपनीतली झाली. ती पण नको. पाय उचलायला गेलो तर डावा आधी की उजवा, तेच आठवेना. सेहेचाळीस वर्षांचा माणूस मी. रोज मरोळ नाक्यापासून चालत जातो.

बाकीचे माझ्या बाजूने चालून गेले, परत आले. एकाची हील निघाली, तो हातात धरून चालला. इरावती जवळ आली, हळूच म्हणाली, बसा काका, पाणी प्या, पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं. मी म्हटलं, माझा पहिला दिवस नाही. तिने माझा पदर नीट केला आणि गेली.

तास संपेपर्यंत हॉलच्या मधोमध उभा होतो. एक पाऊल टाकता आलं नाही. पण बसलो नाही.